इन्स्टॉलेशनलाही तास हवेत

नवं सत्र सुरू झालं, की पुण्यातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये पहिले काही आठवडे एकच वाक्य कानावर येतं: "सर, एरर येतोय." कोणता, ते बहुतेकांना सांगता येत नाही, कारण मेसेज दिसला की आधी तो बंद करायची सवय झालेली असते. अशी एक लॅब मी बरीच वर्षं सांभाळतो आहे. कित्येक मुलं प्रोग्रामिंगपर्यंत पोचण्याआधीच, साधनं बसवताना गळतात, हे माझं ठाम मत आहे.

बीडकडून आलेली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली इलेक्ट्रॉनिक्सची एक विद्यार्थिनी होती. सेकंडहँड लॅपटॉप, नऱ्ह्यात तिघींत मिळून एक खोली, इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. प्रोजेक्टसाठी तिने एआरएम चिपचा जुना डीबगर उतरवून घेतला. तो सुरूच होईना. 'सर, मला हे जमणार नाही,' असं ती डीबगरबद्दल बोलत नव्हती, सगळ्या शाखेबद्दल बोलत होती. मी म्हटलं, "अगं, काय लिहिलंय ते मोठ्याने वाच." लिहिलं होतं इतकंच, की 'लिबएनकर्सेस' ही लायब्ररी ५ क्रमांकाची हवी आहे आणि ती सापडत नाही. तिच्या उबंटूवर ६ होती. 'एलडीडी' ही आज्ञा दिल्यावर डीबगरला लागणाऱ्या सगळ्या लायब्रऱ्यांची यादी आली. नेमक्या कोणत्या ओळीपुढे 'नॉट फाउंड' आहे, ते तिने स्वतः शोधलं.

वर्गमित्रांनी तिला सुचवलं होतं, की ६ लाच ५ चं नाव देऊन लिंक करून टाक. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो मला मुळीच पटत नाही. जुन्या प्रोग्रामांशी जुळणी तुटते तेव्हाच लायब्ररीच्या नावातला तो शेवटचा आकडा बदलतात. लिंक केल्यावर प्रोग्राम चालेलही, पण भलत्याच जागी कोसळू शकतो. उबंटूच्या स्वतःच्या भांडारात एआरएमला चालणारा 'जीडीबी-मल्टिआर्च' हा डीबगर आहे. तो बसवला आणि तिचं काम पुढे सरकलं.

पायथॉनमध्येही असंच होतं. प्रोग्राममध्ये 'सीव्ही२' लिहायचं आणि बसवायचं मात्र 'ओपनसीव्ही-पायथॉन'. हे कुणी सांगितलंच नाही तर पोराने काय करावं? बरं, तेही बसलं आणि सर्व्हरवर 'लिबजीएल' सापडत नाही असा मेसेज आला, तर ती पायथॉनची लायब्ररी नव्हे. ती ऑपरेटिंग सिस्टिमची आहे, म्हणून 'पिप'ने नाही तर 'एपीटी'ने आणावी लागते. अडचण कोणत्या थरातली आहे हे ओळखणं, हाच यातला खरा अभ्यास.

विंडोजवर मला धास्ती वाटते. 'एमएसव्हीसीपी१४० डीएलएल मिसिंग' असं दिसलं, की मुलं कुठल्याही साइटवरून नुसती ती फाइल उतरवून सिस्टिमच्या फोल्डरमध्ये टाकतात. अनोळखी माणसाची फाइल थेट यंत्राच्या गाभ्यात! मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल फुकट मिळतं, तेच घ्यायचं. प्रोग्राम ३२ बिटचा असेल, तर विंडोज ६४ बिटचं असलं तरी ३२ बिटचं रीडिस्ट्रिब्युटेबल लागतं.

यात बुद्धीचा कमीपणा नाही, हे मुलांना सांगायलाच हवं. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरने एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज-भांडारातून 'लेफ्ट-पॅड' हे ११ ओळींचं पॅकेज काढून घेतलं आणि जगभरचे प्रकल्प बिल्ड होईनात. बड्या कंपन्यांचे अनुभवी इंजिनीअरही त्या दिवशी अडकले होते.

सहकारी म्हणतात, सिलॅबस आधीच उतू चाललाय, लॅबच्या पीसीवर सगळं बसवून द्या. परीक्षेपुरतं ते ठीक आहे. पण ज्याचा मोठा भाऊ हिंजवडीत नोकरीला आहे, त्याचा लॅपटॉप रविवारी घरीच नीट होतो. नऱ्ह्यातल्या त्या खोलीत कोण येणार? या शहरात जाणत्यांनी नवख्यांना हाताशी धरायची रीत आहे. फेडोरा लिनक्सच्या लोकांची २०११ ची फुडकॉन परिषद शिवाजीनगरच्या सीओईपीतच भरली होती. शिवाय आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअलमध्ये लिनक्सचे धडे मराठीतूनही ऐकता येतात, आणि तेही विनामूल्य.

विभागप्रमुखांना माझी विनंती आहे. पहिली दोन प्रॅक्टिकल्स इन्स्टॉलेशनला द्या, आणि तीही मुलांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर. कोणता एरर आला, तो कशामुळे आला आणि कसा सुटला, हे जर्नलमध्ये लिहून घ्या, त्याला टर्मवर्कचे गुण ठेवा, ओरलला त्यावर प्रश्न विचारा. आणि लागणारी सगळी पॅकेजेस कॉलेजच्या सर्व्हरवर उतरवून ठेवा, म्हणजे कुणाचा दिवसाचा डेटा त्यापायी संपणार नाही.