डबा भरणारीचं काय?

२००३ साली तेव्हाचे प्रिन्स चार्ल्स मुंबईत चर्चगेटला डबेवाल्यांना भेटले, तेव्हा मलाही केवढं कौतुक वाटलं होतं! मावळ-खेड-जुन्नरकडची ही माणसं डब्यावरच्या खुणा बघून, लोकल नि सायकलवरून घरचा डबा ऑफिसात नेऊन देतात. कौतुक हवंच.

पण मैत्रिणींनो, डबेवाला दारात येण्याआधी पोळी-भाजी करून डबा भरते कोण? तिला कुणी विचारलंय?

आमच्या बचत गटातल्या बायका डबे देतात. भाव ठरवताना गॅस धरतात, तेल धरतात. स्वतःचे कष्ट मात्र धरत नाहीत. "घरचंच तर काम!" म्हणतात.

डबा पोचवण्याची मजुरी ठरते, मग करण्याची का नको? हिशेबाच्या वहीत आजच एक ओळ वाढवा : माझी मेहनत.