प्रोग्रॅमलाही फिटर हवा



गळीत हंगाम संपला की आपल्याकडे दुसरा हंगाम सुरू होतो, तो दुरुस्तीचा. मिलचे रोलर निघतात, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात. त्यासाठी कायम फिटर आहेत, अंदाजपत्रकात रक्कम आहे. "मिल एकदा घेतली, आता फिटर कशाला?" असे सभेत कोणी विचारले तर सारा मंडप हसेल. मग ऊसनोंदीपासून बिलापर्यंतचा हिशेब ज्या प्रोग्रॅमवर चालतो, त्याच्याबाबत आपण नेमके हेच कसे म्हणतो?

मागे एका हंगामात एका पंधरवड्याच्या बिलातून काही सभासदांची सोसायटीची वसुली दोनदा कापली गेली. चूक लहानच होती. पण प्रोग्रॅम लिहिणारा दुसऱ्या नोकरीला गेलेला. फोन उचलणाऱ्या पोराला आत काय आहे ते ठाऊक नाही. "साहेबांना कळवतो," एवढंच त्याचं उत्तर. त्या पोराचा काय दोष? त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. आपल्या कारकुनांनी रात्र जागून हाताने याद्या केल्या.

ऊस (नियंत्रण) आदेश, 1966 प्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास सालीना 15 टक्के व्याज. प्रोग्रॅम अडला म्हणून ती मुदत थांबत नाही, आणि सभासदाच्या घरची नडही थांबत नाही.

लोखंड झिजते, प्रोग्रॅम झिजत नाही, हे खरे. पण भोवतालचे नियम बदलतात. 2021-22 साली एफआरपी 10 टक्के उताऱ्यास क्विंटलला 290 रुपये होती. 2022-23 साली पायाभूत उतारा 10.25 टक्के आणि दर 305 रुपये झाला. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला. काल बरोबर असलेला हिशेब, त्यातले एक अक्षरही न हलवता, आज चुकीचा ठरतो. अमेरिकेत लिएंट्झ व स्वॉन्सन यांनी 487 संस्थांची पाहणी करून 1980 साली निष्कर्ष मांडले. देखभालीच्या श्रमांपैकी चुका काढण्यात सुमारे पाचवा हिस्साच जातो. निम्म्याहून अधिक श्रम प्रोग्रॅम सुधारण्यात, मुख्यतः वापरणाऱ्यांच्या नव्या गरजा भागवण्यात जातात. म्हणजे माल उत्तम असला तरी माणूस लागतोच.

कोणी म्हणेल, वार्षिक करार केलाय की! पण तक्रार कोण घेणार, किती तासांत येणार, हे त्यात लिहिलंय का? कारखाना रात्रपाळीत चालतो. मदतीचा फोन संध्याकाळी बंद होतो.

आमचे म्हणणे सरळ आहे. नवा प्रोग्रॅम घेताना, तो लिहिणाऱ्यांपैकी एकाने पहिला हंगाम पुरा होईपर्यंत तक्रारी स्वतः घ्याव्यात. तक्रार कानांनी ऐकणारा पुढचे काम नीट करतो. आपल्या भागातली दोन शिकलेली मुले त्याच्या हाताखाली तयार करावीत. एकच नको, कारण एक आजारी पडला की काम पुन्हा ठप्प. प्रत्येक तक्रार तारखेसह वहीत नोंदवावी आणि निकालही तिथेच लिहावा. फेरफार हंगाम बंद असताना करून, मागच्या वर्षीच्या बिलांवर पडताळून मगच चालू करावेत.

यात खर्च आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण तो खरेदीच्या ठरावातच दाखवावा. येत्या वार्षिक सभेत किंमत ऐकून हात वर करण्याआधी, बंधूंनो, एकच विचारा : "याचा फिटर कोण?"