उन्हाळी लागली, म्हणजे काय झाले?

नातेपुत्याच्या पेठेत दुकानाच्या गल्ल्यावर बसणारी गृहिणी दुपारपर्यंत पाण्याला हात लावीत नाही. तहान नसते असे नव्हे; जवळ जाण्याजोगी जागा नसते, आणि गिऱ्हाईक सोडून घरी जाणे तिला प्रशस्त वाटत नाही. मग एके दिवशी लघवीस जळजळ होते, पुनःपुन्हा जावे लागते, ओटीपोट दुखते. घरात निदान ठरते: उन्हाळी लागली. धने-जिऱ्याचे पाणी दिले जाते. त्याने थंडावा वाटतो. जंतू मात्र मरत नाहीत.

हा जंतू बहुधा ई. कोलाय, आतड्यात राहणारा. तो पिण्याच्या पाण्यातून मूत्राशयात येत नाही. म्हणूनच पाणी गाळून उकळून घेणाऱ्या घरांतही हा विकार होतो. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषाचा सुमारे २०. सुमारे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. त्यात लाजण्यासारखे काय आहे?

वारंवार त्रास होणाऱ्या व पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. रोज दीड लिटर पाणी अधिक घेणाऱ्यांमध्ये हा विकार निम्म्याने घटला. चौविहार पाळणाऱ्या स्त्रीला हे पाणी सूर्यास्तापूर्वीच घ्यावे लागते. संध्याकाळी घाईने तांब्या रिकामा करण्यापेक्षा ते दिवसभर थोडेथोडे घेणे बरे. आपले व्रत डॉक्टरांना आधीच सांगावे, म्हणजे औषधाच्या वेळा त्याप्रमाणे बसविता येतात. कपाटातील उरलेल्या गोळ्या घेणे सर्वांत वाईट. त्रास पुन्हा उद्भवल्यास औषधापूर्वी लघवीचे कल्चर करून घ्यावे. थंडी वाजून ताप, कुशीत वेदना, उलट्या ही मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोहोचल्याची लक्षणे. तेथे एक दिवसही थांबू नये. गर्भवती व मधुमेही स्त्रियांनी तर पहिल्याच जळजळीला तपासणी करावी.

‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये महानगरपालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे उभारण्याचा आदेश दिला. लहान बाजारगावे त्यात आली नाहीत. माउलींची पालखी नातेपुत्यास मुक्कामाला येते तेव्हा फिरती शौचालये उभी राहतात आणि पालखीबरोबर पुढे जातात. पेठेतील दुकानदार दरवर्षी रंगरंगोटी करतात, नवे फलक लावतात. मागच्या खोलीत एक शौचकूप बांधण्याचा खर्च त्यांना जड नाही.