आकाशातून दिसणारा तवंग

पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर अनवाणी फिरून आल्यावर तळपायाला लागलेला काळा, चिकट डाग अनेकांनी पाहिला असेल. हे डांबरगोळे होत. समुद्रात सांडलेले किंवा टँकर धुताना सोडलेले खनिज तेल ऊन, वारा व लाटा यांमुळे घट्ट होते आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर किनाऱ्याला लागते.

तेल खोल समुद्रात नेमके कोठे सांडले, हे किनाऱ्यावरून कळत नाही. ते उपग्रह टिपतात. पावसाळी ढगांमुळे साधा कॅमेरा निरुपयोगी ठरतो. म्हणून २०१४ पासून कार्यरत झालेल्या ‘सेंटिनेल-१’ मालिकेतील उपग्रहांवर रडार असते. त्याच्या सूक्ष्मलहरी ढगांतून आरपार जातात आणि त्यांना सूर्यप्रकाशही लागत नाही. वाऱ्याने पाण्यावर उठणारे बारीक तरंग या लहरींचा काही अंश उपग्रहाकडे परतवतात, त्यामुळे चित्रात समुद्र उजळ दिसतो. तेलाच्या थराखाली हे तरंग दबतात आणि तेवढाच भाग काळा उमटतो.

मात्र प्रत्येक काळा डाग तेलाचा नसतो. वारा पडला किंवा शेवाळाचा थर पसरला, तरी तसेच चित्र मिळते. म्हणून तज्ज्ञांना वारा, जहाजांचे मार्ग व डागाचा आकार ताडून पाहावा लागतो. तवंग पुढे कोठे सरकेल, याचा अंदाज हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था देते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले होते. अशा वेळी हा अंदाज काही तास आधी हाती आला, तर खारफुटी व मासेमारी वाचवण्याची तयारी करता येते.

उपग्रहाला मैलोगणती पसरलेला तवंग दिसतो. मुलाने शंख समजून उचललेला काळा गोळा दिसत नाही. तेथे आपलीच नजर हवी. क्षणभराच्या स्पर्शाने बहुतेकांना अपाय होत नाही. पण काहींच्या त्वचेवर पुरळ येते. डाग खोबरेल तेलाने पुसून साबण व पाण्याने धुवावा. रॉकेल वा पेट्रोल कदापि वापरू नये, त्याने त्वचेला अधिक इजा होते. पुरळ टिकल्यास डॉक्टरांना दाखवावे. डांबराचा वास येणारी मासळी खाऊ नये.