खाड्याचा दिवस

आमच्याकडे धुण्याभांड्यास येणाऱ्या बाई गेल्या पावसाळ्यांत आठ दिवस ताप अंगावर काढीत होत्या; पण एक दिवस खाडा केला नाहीं. "दवाखान्यांत जा," असें घरांतील प्रत्येकानें सांगितलें. सांगणें सोपें होतें. शेवटीं थोरल्या सूनबाईंनीं जरा खोदून विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "ताई, औषध फुकट मिळंल, पण दिवस रांगेत गेला तर त्या दिवसाची भाकरी कोण देणार?"

गरिबाच्या दुखण्याचा हिशेब आपण औषधाच्या किंमतीवरून करतों. तो स्वतः बुडालेल्या मजुरीवरून करतो. आपली व त्याची चुकामूक येथेंच होते.

सरकारनें कांहींच केलें नाहीं, असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. ज्या 1956 सालीं मराठवाडा हैदराबाद राज्यांतून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, त्याच सालीं आपल्या या शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. त्याच्या रुग्णालयास सारा मराठवाडा 'घाटी' या नांवानें ओळखतो. जालना, बीड, परभणीकडचे, इतकेंच नव्हे तर शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांतलेहि रोगी येथें येतात. अडलेली बाळंतीण, सर्पदंश झालेला शेतकरी, रस्त्यावरील अपघातांत सांपडलेला अनोळखी माणूस, या सर्वांचा शेवटचा आधार तोच. शिवाय 2012 सालीं आरंभलेली व 2017 सालीं महात्मा फुले यांचें नांव लाभलेली जनआरोग्य योजना आहे. तिच्या यादींतील मोठ्या शस्त्रक्रिया व उपचार आतां कुटुंबास वर्षाकाठीं 5 लक्ष रुपयांपर्यंत विनामूल्य मिळतात.

परंतु मोठें दुखणें हें बहुधा हयगय झालेलें लहान दुखणेंच असतें. क्षयरोगाचेंच पाहा. त्याचीं औषधें सरकार फुकट देतें. तरी पोटांत अन्न नसेल तर गोळी काय करणार? हें ओळखूनच 2018 पासून रोग्यास पोषणासाठीं दरमहा 500 रुपये देण्यास आरंभ झाला, आणि 2024 सालीं ती रक्कम 1000 करण्यांत आली. औषधाबरोबर भाकरीचाहि विचार केला पाहिजे, याची ही सरकारी कबुलीच होय.

उपचार रोग्याच्या दाराशीं नेला तर काय होतें, हें जामखेड येथें दिसून आलें. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें 1970 सालीं तेथें काम सुरू केलें, आणि खेड्यांतील अल्पशिक्षित, कित्येकदां निरक्षर अशा बायांनाच आरोग्यसेविका केलें. श्रीलंकेसारख्या लहानशा देशानेंहि विनामूल्य सरकारी दवाखाने व गांवोगांवच्या सुइणी यांच्या बळावर बाळंतपणांतील मृत्यु पुष्कळच कमी केले. रोग्याचा दिवस वांचविणें हा त्याचा अर्धा उपचारच आहे.

असो. दुसऱ्यांचे दोष काढण्यापूर्वीं आपल्या घरांत पाहावें हें बरें. आमच्याकडे खाड्याचे पैसे कापण्याची रीत होती, आणि ती मींच घातलेली. 'शिस्त राहते' असें मी अभिमानानें म्हणत असें. म्हणजे बाईंना दवाखान्यापासून दूर ठेवणाऱ्यांत मीहि एक होतों. आणि "दवाखान्यांत जा" असा उपदेश करणाराहि मीच! ही गोष्ट सूनबाईंनीं एका शब्दानेंहि न बोलतां माझ्या पदरांत घातली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या बाईंना घेऊन स्वतः सरकारी दवाखान्यांत गेल्या. रक्ताच्या तपासणींत विषमज्वर निघाला. योग्य औषधानें तो उतरलाहि. पण आणखी आठ दिवस गेले असते तर काय झालें असतें, हा विचार नकोसा वाटतो.

पैसे नाहींत म्हणून कोणी उपचारावांचून राहूं नये, असें भोर समितीनें 1946 सालीं सांगून ठेवलें. तें पूर्णपणें अमलांत आणणें सरकारच्या हातीं आहे, व त्यासाठीं आपण बोललें पाहिजे. आपण शिकलेलीं माणसें सरकारी रुग्णालयाची पायरी चढत नाहीं, म्हणून तेथील अडचणींविषयीं बोलतहि नाहीं. पण आजारपणाचा खाडा न कापणें, रेशनकार्ड व इतर कागद आधींच नीट करून ठेवण्यास मदत करणें, आणि प्रसंगीं घरांतल्या एकानें सोबत जाणें, एवढें तर प्रत्येक घराच्या हातीं आहे ना?

आमच्या घरची ती रीत त्या दिवसापासून बंद झाली. शिस्त मात्र बिघडलेली नाहीं.