मी काही रोज पीत नाही



दारूवर बोलायला उभा राहणारा वक्ता बहुधा दोन गोष्टी सांगतो. संसार धुळीला मिळतो आणि लिव्हर सडते. दोन्ही खरे. पण ऐकणाऱ्यांतले निम्मे तेवढ्यात मान फिरवून घेतात. त्यांच्या मते हे भाषण गावातल्या त्या चार-दोन दारुड्यांसाठी असते, जे सकाळी चहाच्या आधी देशीच्या दुकानापुढे उभे असतात. आपला माणूस तसा नसतो. तो महिना महिना बाटलीला हात लावत नाही. उसाचे बिल जमा झाले, कांद्याची पट्टी बरी आली, गटारी आली, पोळ्याची कर आली, भावकीत वरात निघाली, म्हणजे तो 'बसतो'. एकदा बसला की उठेपर्यंत मोजत नाही. दुसऱ्या दिवशी घरात कोणी बोललेच तर त्याचे उत्तर तयार असते : मी काही रोज पीत नाही.

या उत्तरात एक मोठी गफलत आहे. रोज पिणारा वर्षानुवर्षे झिजत मरतो, हे सगळ्यांना दिसते. एका रात्रीत भरमसाट पिणारा एका रात्रीत मरू शकतो, आणि त्यासाठी तो दारुडा असावा लागत नाही, हे फारसे कोणी सांगत नाही.

शेतकऱ्याला हिशेब शिकवावा लागत नाही. आडत, हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाता हातात काय उरले, हे तो तोंडी सांगतो. तसाच हा हिशेब करून पाहा. एका चपटीत १८० मिलिलिटर माल. व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असा आकडा छापलेला असतो. म्हणजे चपटीत शुद्ध अल्कोहोल सुमारे ७७ मिलिलिटर, वजनाने ६० ग्रॅम. एका बैठकीत घातक पिणे कशाला म्हणावे, याची जागतिक आरोग्य संघटनेने जी रेघ ओढली आहे, ती बरोबर ६० ग्रॅमवर आहे. आपल्याकडे जिला 'एक क्वार्टर, त्यात काय विशेष' म्हणतात, ती संपते तिथे माणूस रेघेवर उभा असतो. दुसरी उघडली की रेघ मागे पडली. बिअरवाल्यांनी हसू नये. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ४१ ग्रॅम असतात. दोन बाटल्यांत ८२.

ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजू अशी, की माणसाचे यकृत तासाला सात-आठ ग्रॅम अल्कोहोल जाळते. ढोबळ मानाने एवढीच त्याची कुवत. ताक पाजा, लिंबू चोखायला द्या, काळी कॉफी द्या, डोक्यावर घागर ओता, ते काही घाई करीत नाही. एक चपटी जाळायला त्याला आठ तास लागतात, दोन चपट्यांना सोळा. रात्री नऊला बसून दोन चपट्या रिचवलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी एकपर्यंत पुरता कोरा झालेला नसतो. तो मात्र सकाळी सातला तोंड धुऊन ट्रॅक्टरवर चढतो आणि 'उतरली' म्हणतो. वाहन चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल नसावे, असे मोटार वाहन कायदा म्हणतो. साठ किलो वजनाच्या गड्याने दीड-दोन तासांत एकच चपटी घेतली, तरी तो या मर्यादेच्या जवळपास चौपट जातो. सकाळी 'उतारा' म्हणून घोटभर घेणारे तर न फिटलेल्या कर्जावर नवे कर्ज काढतात, आणि कर्जाचे पुढे काय होते हे या वाचकांना सांगायला नको.

आता ज्या वाक्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. बैठक रंगते, एक जण आडवा होतो, कोणी तरी त्याला ओढून भिंतीकडेला टाकतो आणि म्हणतो, 'झोपू द्या, सकाळपर्यंत उतरेल.' गावोगाव हे वाक्य मायेने बोलले जाते. त्याने माणसे मेली आहेत. माणूस झोपला म्हणून पोटातली दारू थांबत नाही. शेवटचे दोन-तीन ग्लास पैजेवर नाही तर घाईने ओतलेले असतात, ते अजून जठरात-आतड्यातच असतात. तो घोरत असताना रक्तातले प्रमाण काही वेळ चढतच राहते. मेंदूचा एकेक खातेदार पाय पसरतो. आधी तोल जातो, मग शुद्ध, मग घशात काही गेले तर ठसका लावणारी राखण, आणि शेवटी श्वास चालवणारी जागा. उताणा पडलेल्या अशा माणसाला उलटी झाली, तर ती श्वासनळीत उतरते. ठसका लागत नाही, आवाज होत नाही. सकाळी चहा घेऊन उठवायला गेलेल्याला अंग गार लागते. गावात सांगितले जाते की ॲटॅक आला.

म्हणून नीट लक्षात ठेवा. असा माणूस उताणा ठेवू नका. कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे मोडा, तोंड किंचित खाली करा आणि एक जण शुद्धीवरचा त्याच्याजवळ जागा बसवा. हाक मारून, चिमटा काढून तो हलत नसेल, श्वास मिनिटाला आठाहून कमी पडत असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचे अंतर पडत असेल, ओठ-नखे निळसर झाली असतील, अंग गार पडले असेल, आचके येत असतील, तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करायचा. मिठाचे पाणी पाजून उलटी काढायची नाही, तोंडात काहीही ओतायचे नाही. बदनामी होईल म्हणून दवाखाना टाळणाऱ्यांनी तिरडीमागे चालतानाची बदनामी आधी डोळ्यांपुढे आणावी.

पिणारा तरणाबांड असला म्हणून तो वाचतो असे नाही. उलट आपल्या कामाची रीतच त्याच्या विरुद्ध जाते. दिवसभर मळणीवर राबलेला, दुपारी धड न जेवलेला गडी रिकाम्या पोटी बसतो. अशा वेळी रक्तातली साखर टिकवणे हे यकृताचे काम असते. ते दारूच्या पाठी लागले की साखर घसरते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बरळतो, आणि भोवतालचे समजतात चढली आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला तर हा धोका दुप्पट. एका बैठकीच्या अतिरेकाने हृदयाचे ठोके बेताल होतात. सुट्टीच्या दिवसांत भरपूर पिऊन आलेल्या रुग्णांत हे दिसल्यावरून अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९७८ साली त्याला 'हॉलिडे हार्ट' असे नाव दिले. स्वादुपिंडाला अचानक सूज येऊन पोटातली कळ पाठीत जाते, ती पित्ताची समजून गोळ्या खात दोन दिवस काढले जातात. कर्करोगाचे म्हणाल, तर दारू हे त्याचे सिद्ध कारण असल्याचे १९८८ सालीच नोंदले गेले आहे.

शहरातला पिणारा फार तर जिन्यावरून पडेल. आपल्याकडे विहिरीला कठडा नसतो. शेतीच्या विजेची पाळी रात्री दोनला लागते, आणि वरातीतून आलेला पोरगा ओल्या पायांनी स्टार्टरला हात घालतो. रब्बीच्या थंडीत पाणी धरायला गेलेला बांधावरच लवंडतो. दारूने गरम वाटते ते कातडीखालच्या शिरा फुगल्यामुळे. त्याच वाटेने अंगातली ऊब बाहेर जाते आणि माणूस आतून गारठत जातो. फवारणीच्या दिवसांत आणखी एक फसगत होते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. गरगरणे, उलटी, तोंडाला लाळ, धूसर दिसणे ही या विषबाधेची लक्षणे. संध्याकाळी तोच माणूस प्यालेला असेल तर घरचे म्हणतात, जास्त झाली. डॉक्टरपर्यंत पोचायला रात्र जाते.

एक गोष्ट लिहिताना हात जड होतो, पण लिहिली पाहिजे. कर्जाचा, अपमानाचा, भांडणाचा सल मनात असतोच. कोरा असताना माणूस तो गिळून दुसऱ्या दिवशी नांगर धरतो. भरपूर प्यालेल्या तासाभरात मात्र विचाराचा लगाम सुटतो. त्या तासाभरात हाताशी काय असते, यावर पुष्कळ काही ठरते. कीटकनाशके घरात ठेवू नका. ठेवलीच तर कुलपात ठेवा आणि किल्ली घरातल्या न पिणाऱ्याकडे द्या. कोणी जिवाचे बोलू लागला तर त्याला एकटे सोडू नका. टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर दिवसरात्र मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.

हातभट्टीबद्दल दोनच शब्द. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. मिथेनॉलचा घात उशिरा कळतो. रात्री प्यालेल्याला दुसऱ्या दिवशी धुके पडल्यासारखे दिसू लागते, पोट दुखते, धाप लागते. पहिल्या लक्षणाला तालुक्याचा नव्हे, जिल्ह्याचा दवाखाना गाठायचा, आणि सोबत जे जे प्याले त्यांनाही घेऊन जायचे, त्यांना काही होत नसले तरी.

सरकार काय करते? सरकार मोजते. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विदेशी म्हणवणाऱ्या दारूवरचे उत्पादन शुल्क उत्पादनमूल्याच्या तिपटीवरून साडेचार पटीवर नेले आणि वर्षाला १४,००० कोटी जास्त मिळतील असे सांगितले. मळी आपल्याच उसाची, कर सरकारचा, नफा तिसऱ्याचा, आणि बाटली रिकामी करायला पुन्हा आपलेच पोर. २००८ च्या आदेशाने महिला मतदारांपैकी निम्म्यांहून अधिकींनी आडव्या बाटलीला मत दिले तर गावातले दुकान बंद व्हायची वाट उघडली, आणि कित्येक गावांत मायबहिणींनी ते करून दाखवले. त्यांना मानाचा मुजरा. पण दुकान बंद झाले तरी वरातीची पेटी मोटारसायकलवरून शेजारच्या तालुक्यातून येते. चंद्रपूर जिल्ह्यातली २०१५ ची दारूबंदी २०२१ साली सरकारनेच उठवली. दुकान बंद करणे हा एक लढा झाला. रात्रभर पाजण्याची आपली रीत मोडणे हा दुसरा, आणि तो कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेऊन जिंकता येत नाही.

कारण पाजतो कोण? पाहुणा कमी प्याला तर यजमानाला कमीपणा वाटतो. 'माझ्या गळ्याची शपथ' घालून ग्लास भरला जातो. नको म्हणणाऱ्या पोराला बायकी ठरवले जाते. निवडणुकीत तर उमेदवाराची लायकीच पेट्यांवर मोजतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये नगर तालुक्यातल्या पांगरमलला निवडणुकीच्या जेवणावळीतली बनावट दारू पिऊन माणसे मेली. फुकट मिळालेली बाटली कोणी तपासून घेत नाही.

रोज पिणाऱ्यांसाठी एवढेच, की ज्याचे हात सकाळी दारूवाचून थरथरतात त्याने आजच्या आज शपथ घेऊन एकदम सोडू नये. त्यात झटके येतात, भ्रम होतो, जीवही जातो. सरकारी दवाखान्यात डॉक्टरच्या नजरेखाली सोडावी.

जिल्ह्याच्या बैठकीपुढे आमच्या सूचना आहेत त्या साध्या आहेत. बैठकीला, मोर्चाला, अधिवेशनाला जाणाऱ्या गाडीत बाटली चढणार नाही. चढली तर ती ज्याची असेल तो खाली उतरेल, मग तो तालुक्याचा पदाधिकारी असला तरी. प्रत्येक गावच्या शाखेने कुशीवर निजवण्याची रीत आणि १०८ चा नंबर मायबहिणींच्या बैठकीत करून दाखवावा, नुसता सांगू नये. ज्याच्या घरी कार्य आहे त्याने पाजण्याचा आग्रह करणार नाही असे पत्रिका वाटतानाच सांगावे. आणि ज्या तालुक्याची गाडी परतीच्या वाटेवर ढाब्यावर थांबते, त्या तालुक्याच्या अध्यक्षाने ड्रायव्हरला जेवायला आपल्या शेजारी बसवून घ्यावे.