बिनबंदुकीचे शिकारी

शिकार या विषयावर लिहिण्याचा मला काडीचाही अधिकार नाही. माझ्या हातून आजवर झालेली शिकार म्हणजे डास आणि ढेकूण. त्यातही डासांनी केलेली माझी शिकार हिशेबात जास्त भरेल. तरीही लिहितो. कारण होळी झाली की आमच्या दादरच्या हिंदू कॉलनीत शिकाऱ्यांचा सीझन सुरू होतो आणि त्यांना शिकारी म्हणायला कुणी तयार नाही. ते स्वतःला पक्षिप्रेमी म्हणवतात.

आमचा मेहुणा त्यांतलाच. पूर्वी हा गृहस्थ रविवारी दहाच्या आत उठत नसे. आता पहाटे साडेपाचला तो परळहून येऊन आमच्या दारात उभा असतो. अंगात हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचा शर्ट, गळ्यात तोफेच्या तोंडाएवढी लेन्स. झुडपात दिसू नये म्हणून हा शर्ट असतो म्हणे. आमच्या गल्लीत झुडूपच नसल्यामुळे तो टोकापासून टोकापर्यंत सगळ्यांना दिसतो.

त्याचे प्रतिस्पर्धी म्हणजे आमच्या तळमजल्यावरचे निवृत्त बँकवाले. दोघांची मैत्री घट्ट, पण भेटले की पहिला प्रश्न, "किती झाले?"

"दोनशे बारा. तुमचे?"

"दोनशे चौदा!"

ऐकणाऱ्याला वाटावं, दोघं रक्तातल्या साखरेबद्दल बोलताहेत. पण हे आकडे आजवर पाहिलेल्या पक्ष्यांचे. हरेल त्याने मिसळ द्यायची, असा करार.

यंदाची पैज आमच्या दयाळावरून लागली. आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीत जुन्या पाइपाचं एक भोक आहे. तिथे दयाळाच्या जोडप्याने बिऱ्हाड केलं होतं. काळा कोट, पांढरं पोट, शेपूट ताठ. नर पहाटे गच्चीवरच्या अँटेनावर बसून असा गायचा, की आमची ही गॅसवर दूध ठेवून ऐकत राहायची आणि दूध उतू जायचं. या गाणाऱ्या दयाळाचा, चोच उघडी असताना, जास्त चांगला फोटो कोण काढतो, ही पैज.

आता दयाळ काही फोटोग्राफरच्या वेळेवर गात नाही. त्यावर यांनी युक्ती काढली. मोबाइलवर दयाळाचं रेकॉर्ड केलेलं गाणं लावायचं. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं वाटून बिचारा धावत येतो, छाती काढून गातो, आणि इकडे खटखट फोटो.

एका रविवारी मेहुण्याने पाण्याच्या टाकीमागून गाणं लावलं. गॅरेजमागून लगेच उत्तर आलं. मेहुणा हरखला. त्याने पुन्हा लावलं, पुन्हा उत्तर. वीस मिनिटं ही जुगलबंदी चालली. दोघंही रांगत, श्वास रोखून एकमेकांकडे सरकत होते. शेवटी स्कूटरच्या आडोशाला मेहुणा आणि बँकवाले समोरासमोर आले, दोघांच्या हातात गाणारा मोबाइल! खरा दयाळ वर अँटेनावर गप्प बसून खाली बघत होता.

मी पोट धरून हसलो. मग हसू ओसरलं, कारण तो दयाळ गप्प होता.

मेहुण्याला म्हटलं, "अरे, ही शिकारच झाली की."

"काहीतरीच काय, भावोजी! मी त्याला मारतो थोडाच?"

आता शिकाऱ्यांचंच ऐका. अमेरिकेत वसंतात रानटी टर्कीची शिकार चालते. शिकारी लाकडाच्या पेटीवर किंवा तोंडाने मादीचा आवाज काढून नराला बोलावतो. आवाज काढण्याच्या स्पर्धाही भरतात. पण सीझन ठरलेला, लायसन्स लागतं, किती मारायच्या याला मर्यादा. आणि गंमत म्हणजे तिथल्या बहुतेक राज्यांत रेकॉर्ड केलेला आवाज वापरायला कायद्याने बंदी आहे. बंदूक चालेल, टेप चालायची नाही! आमच्या कॉलनीत नेमकं उलटं.

आकड्यांची हौस कुठवर जाते, तेही आपल्या देशाने पाहिलं आहे. 12 नोव्हेंबर 1938 रोजी भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पार्टीने एका दिवसात 4,273 पक्षी मारले. आकडा तिथे दगडावर कोरून ठेवला आहे. आमच्यांचा मोबाइलमध्ये असतो, एवढाच फरक.

शिकारी असावा तर सालिम अलींसारखा. 1896 चा जन्म, आपल्या गिरगावातल्या खेतवाडीतलं बालपण. पोरवयात छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले. तिथले सेक्रेटरी मिलार्ड यांनी त्या पोराला हाकललं नाही. कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. एका चिमणीच्या मरणातून देशाला पक्षितज्ज्ञ मिळाला. त्यांनी पक्षी मारला, पण नंतर आयुष्यभर प्रश्न विचारले. आमचे पक्षिप्रेमी मारत नाहीत, हे खरं; पण विचारतही काही नाहीत. आकडा वाढला की पुढचा पक्षी.

आणि कायदा काय म्हणतो? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या नुसती ठार मारण्यापुरती नाही. पक्ष्यांची अंडी किंवा घरटं यांना त्रास देणं, हीसुद्धा त्यात शिकारच. पाइपाच्या भोकासमोर रोज सकाळी खोटा प्रतिस्पर्धी उभा करणं याला काय म्हणायचं, ते वकिलांनी ठरवावं. मला एवढंच कळतं, की रोज पहाटे माझ्या दारात कुणी अनोळखी माणूस 'ही खोली माझी' म्हणून ओरडू लागला, तर मी त्याच्याशी भांडत बसेन आणि पोरांचा डबा राहून जाईल. दयाळाच्या पोरांना तर आई-बाप दोघांनी भरवावं लागतं.

पंधरा दिवसांत अँटेना रिकामी झाली. मांजर असेल, गच्चीवर पत्र्यांचं काम निघालं होतं तेही असेल. मी तज्ज्ञ नाही, खापर एकट्या मोबाइलवर फोडत नाही. पण संशय जात नाही.

पक्षी बघू नका, असं मी म्हणत नाही. फोटो काढा, पैजा लावा, मिसळ खा. फक्त विणीच्या दिवसांत मोबाइल खिशात ठेवा आणि पक्षी त्याच्या मर्जीने येईल तेव्हा येऊ द्या. न आला, तर तुम्ही हरलात. हरायची तयारी नसेल, तर ती कसली पैज?

गेल्या रविवारपासून मी नियम केला आहे: फोन आधी माझ्या टेबलावर, मग चहा. मेहुणा आणि बँकवाले तासभर गच्चीवर नुसते बसले. दयाळ आला नाही. फोटो नाही, त्यामुळे मिसळही कुणी जिंकली नाही.

आमच्या घरी हल्ली दूध उतू जात नाही. हिला त्याचंच वाईट वाटतं.